हरवलेला घुमारा : तालवाद्यांच्या ध्वनिमुद्रणातील कला आणि ध्रुवता

मैफलीस आरंभ होण्यापूर्वी तबलजी हातोडी हाती घेतो आणि गजऱ्यावर हलके ठोके देत तबला षड्जात मिळवितो. कानाचे समाधान झाले की हातोडी बाजूला पडते. ध्वनिमुद्रणगृहात मात्र एवढ्याने काम संपत नाही. तेथे तबल्याच्या जोडीसमोर एकाहून अधिक मायक्रोफोन मांडलेले असतात आणि त्यांचेही एकमेकांशी जमावे लागते. ते जमले नाही, तर वाद्य कितीही सुरेल लागलेले असो, ऐकणाऱ्यापर्यंत त्याचे अर्धेच रूप पोहोचते.

समजा, जोडीच्या वर एक मायक्रोफोन टांगलेला आहे आणि समोर, थोड्या अधिक अंतरावर, दुसरा ठेवलेला आहे. काचेपलीकडे बसलेला अभियंता प्रथम केवळ पहिला मायक्रोफोन ऐकतो. चाटेवरचे बोल स्वच्छ आहेत, डग्गाही भरदार आहे. मग तो केवळ दुसरा ऐकतो. तोही निर्दोष आहे. दोहोंची पातळी सारखी करून तो ते एकत्र करतो आणि डग्ग्याचा घुमारा अकस्मात क्षीण होतो. चाट तशीच वाजत राहते, पण तिच्याखालचा आधार निघून गेल्यासारखा वाटतो. दोन चांगल्या ध्वनींची बेरीज वाईट कशी व्हावी?

असा प्रसंग कोणत्याही ध्वनिमुद्रणगृहात घडू शकतो. त्याची कारणे दोन असतात. पहिले म्हणजे ध्रुवतेतील विरोध आणि दुसरे म्हणजे कलेतील अंतर. व्यवहारात ही दोन्ही नावे पुष्कळदा एकाच अर्थाने वापरली जातात. मिश्रकावरील ध्रुवता उलटविणाऱ्या कळीलादेखील अनेक जण ‘फेजची कळ’ म्हणतात. वस्तुतः ह्या दोन गोष्टी मुळातच भिन्न आहेत. एकीचा संबंध दिशेशी आहे, दुसरीचा काळाशी. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

हवेचा दाब आणि तारेतील वीज

तबल्याच्या पुडीवर थाप पडली की पुडी प्रथम खाली जाते. तिच्या वरची हवा त्या क्षणी विरळ होते, म्हणजे तेथील दाब किंचित कमी होतो. लगेच पुडी उसळून वर येते व हवा दाबली जाते. दाबलेल्या आणि विरळ झालेल्या हवेचे हे थर एकामागून एक पुढे सरकतात. ह्यालाच आपण ध्वनी म्हणतो.

मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो, कमी झाला की बाहेर ओढला जातो. ह्या हालचालीचे रूपांतर विजेच्या बदलत्या दाबात होते. पडदा आत गेला असता तार धन व्हावी, बाहेर आला असता ऋण व्हावी, असा संकेत आहे. व्यावसायिक मायक्रोफोनच्या केबलमध्ये संकेत वाहणाऱ्या दोन तारा व त्यांभोवती एक संरक्षक आवरण असते. म्हणून तिच्या टोकाच्या जोडात तीन पिना असतात. त्यांपैकी दुसरी पिन धन मानावी, असे मानक ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९९२ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी काही उत्पादक तिसरी पिन धन मानीत असत. जुनी आणि नवी उपकरणे एकत्र जोडताना ह्या भेदाने आजही गोंधळ होऊ शकतो.

ध्रुवता : दिशेचा प्रश्न

केबलच्या टोकाशी ह्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर काय होईल? हवेचा दाब वाढला असता मायक्रोफोन ‘वाढला’ असे सांगण्याऐवजी ‘कमी झाला’ असे सांगेल. जेथे शिखर होते तेथे दरी येईल आणि दरीच्या जागी शिखर. हीच उलटलेली ध्रुवता होय.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, ह्या अदलाबदलीत काळाचा अंशही गेलेला नसतो. थाप ज्या क्षणी पडली, त्याच क्षणी ती नोंदली जाते. फक्त चिन्ह बदलते. दुसरी, ही उलथापालथ सर्व स्वरांवर सारखीच होते. डग्ग्याचा खर्ज असो वा चाटेचा तीक्ष्ण नाद असो, प्रत्येकाचे चिन्ह पालटते, कोणालाही सूट मिळत नाही.

एकट्या मायक्रोफोनची ध्रुवता उलटली, तर ऐकणाऱ्यास बहुधा काहीच कळत नाही. स्थिर स्वराचा गुण त्यातील अंशस्वरांच्या बलावर अवलंबून असतो, त्यांच्या परस्पर कलेवर नव्हे, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते. ह्या नियमाला अपवाद आहेत हे पुढील संशोधनात आढळले. तरी स्थूलमानाने तो खरा आहे. म्हणूनच सदोष केबल वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या जोडीला दुसरा मायक्रोफोन आला आणि दोघांची बेरीज झाली, की मग दोष उघड होतो.

कला : काळाचा प्रश्न

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. ध्वनी प्रकाशाच्या मानाने फार सावकाश चालतो. २५ अंश सेल्सियस तपमानाच्या हवेत त्याची गती सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असते. म्हणजे ३४.६ सेंटिमीटर अंतर तोडण्यास त्याला सेकंदाचा एक हजारावा भाग, अर्थात एक मिलिसेकंद लागतो. समोरचा मायक्रोफोन वरच्या मायक्रोफोनपेक्षा ३४.६ सेंटिमीटर दूर असेल, तर प्रत्येक थाप त्याच्याकडे एक मिलिसेकंद उशिरा पोहोचेल.

हा उशीर सर्व स्वरांना सारखाच असतो. परंतु त्याचा परिणाम सर्व स्वरांवर सारखा होत नाही. हे समजण्यास तालाचे उदाहरण उपयोगी पडेल. समजा, एक वादक दुसऱ्यापेक्षा नेमका तीन मात्रा मागे आहे. ताल दादरा असेल, तर आवर्तन सहा मात्रांचे. तीन मात्रा म्हणजे अर्धे आवर्तन. एकाची सम येते तेव्हा दुसरा चौथ्या मात्रेवर, म्हणजे काल दाखविण्याच्या जागी असतो. दोघे पूर्ण विरोधात आहेत. ताल त्रिताल असेल, तर तेच तीन मात्रांचे मागे राहणे सोळा मात्रांच्या आवर्तनाचा जेमतेम पंचमांश होते. आणि एखादे आवर्तन तीनच मात्रांचे मानले, तर मागे राहिलेल्याची सम पुढच्याच्या समेवर बरोबर येऊन पडेल. दोघांत अंतर आहे हेही कळणार नाही. उशीर एकच, पण आवर्तनाच्या मानाने त्याचा अर्थ निराळा.

ध्वनीचेही तसेच आहे. प्रत्येक कंपन हे एक आवर्तन असते. त्या आवर्तनाच्या मानाने एक तरंग दुसऱ्याच्या किती मागे आहे, ह्या प्रमाणाला कलांतर म्हणतात. पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे मानण्याची रीत आहे. सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जाचे एक आवर्तन १० मिलिसेकंदांचे; एक मिलिसेकंद म्हणजे त्याचा दहावा भाग, अर्थात ३६ अंश. सेकंदाला ५०० कंपने असलेल्या स्वराचे आवर्तन २ मिलिसेकंदांचे. तोच उशीर येथे अर्धे आवर्तन, म्हणजे १८० अंश होतो. सेकंदाला १,००० कंपने असतील, तर पूर्ण ३६० अंश होऊन दोन्ही तरंग पुन्हा एकमेकांशी जुळतात.

गल्लत कोठे होते

दोन्ही नावांची गल्लत होण्याचे मूळ ह्याच १८० अंशांत आहे. ज्याचा आदि-अंत नाही असा एकच शुद्ध स्वर घेतला, तर तो अर्धे आवर्तन मागे सरकविणे आणि त्याचे चिन्ह उलटणे ह्या दोहोंचे फळ तंतोतंत एकच येते. शिखराच्या जागी दरी येते. त्यामुळे ‘ध्रुवता उलटणे म्हणजे कला १८० अंशांनी बदलणे’ असे म्हणण्याची सवय लागली.

परंतु थाप हा शुद्ध स्वर नव्हे. तिला निश्चित आरंभ असतो, आणि तिच्यात लहानमोठी अनेक कंपने एकाच वेळी असतात. ती मागे सरकविली तर तिचा आरंभच उशिरा होतो आणि तिच्यातील प्रत्येक कंपनाचे कलांतर वेगवेगळे येते. तिची ध्रुवता उलटली तर आरंभ जागचा हालत नाही, फक्त पहिली हालचाल वर होण्याऐवजी खाली होते. असा कोणताही एक उशीर नाही, की जो थापेतील सर्व कंपनांना एकाच वेळी १८० अंशांनी मागे नेईल. त्यामुळे ध्रुवता बदलण्याचे काम उशिराने होत नाही आणि उशिराचे निवारण ध्रुवता बदलून होत नाही.

बेरजेचे गणित

आता प्रारंभीच्या कोड्याचा उलगडा होऊ शकेल. दोन्ही मायक्रोफोनांची पातळी सारखी आहे आणि एकाची ध्वनी पोहोचण्याची वेळ एक मिलिसेकंद मागे आहे, असे धरू. दोन्ही पूर्णपणे जुळले असते तर बेरीज एकाच्या दुप्पट, म्हणजे २ आली असती. डग्ग्याच्या १०० कंपनांच्या खर्जासाठी कलांतर अवघे ३६ अंश आहे. तेथे बेरीज सुमारे १.९ येते. जवळजवळ काहीच गमावले नाही. आता एका केबलमधील तारा उलटल्या आहेत असे धरा. बेरजेऐवजी वजाबाकी होते आणि तीच संख्या ०.६ वर येते. खर्ज एकतृतीयांश झाला. ध्वनिशास्त्राच्या मापात सांगायचे तर सुमारे १० डेसिबलची घट झाली. हाच तो हरवलेला घुमारा.

चाट मात्र का टिकली? कारण तिच्यातील कंपने जलद असतात. त्यांची तरंगलांबी मायक्रोफोनांमधील अंतराच्या मानाने लहान असते, त्यामुळे काही कंपने जुळतात, काही विरोधात जातात. ध्रुवता उलटली तर जुळणारी विरोधात व विरोधातील जुळवून, एवढाच फेरफार होतो. एकंदर बळ फारसे घटत नाही. खर्जाची तरंगलांबी ह्याउलट साडेतीन मीटरांच्या घरात असते. सव्वा फुटाच्या आतील अंतर तिच्यापुढे नगण्य आहे. म्हणून खर्जाच्या दृष्टीने दोन्ही मायक्रोफोन जणू एकाच ठिकाणी असतात, आणि तेथे ध्रुवतेचा विरोध पुरता जाणवतो. मायक्रोफोन एकमेकांजवळ असताना बेरजेत केवळ खर्ज नाहीसा झाला, तर संशय प्रथम ध्रुवतेचा घ्यावा, हे ह्यावरून निघते.

उशिराची खूण निराळी असते. एक मिलिसेकंदाच्या उशिराने ५००, १,५००, २,५०० अशा कंपनसंख्यांना दोन्ही तरंग परस्परांस छेदतात आणि १,०००, २,०००, ३,००० ह्या संख्यांना दुणावतात. कंपनसंख्येनुसार बेरजेचा आलेख काढला तर तो फणीच्या दातांसारखा दिसतो. कानाला हा दोष पोकळ, नळीतून आल्यासारख्या आवाजाच्या रूपाने जाणवतो. ध्रुवता उलटली तर दातांची जागा बदलते. फणी नाहीशी होत नाही.

तबल्याला हा दोष अधिक का बाधतो

साध्या ताणलेल्या वर्तुळाकार चामड्याच्या कंपनांमध्ये पूर्णांकी प्रमाण नसते. मूळ कंपनसंख्या १ धरली तर पुढील अंशस्वर १.५९, २.१४, २.३० असे विस्कळीत येतात. म्हणून बहुतेक ढोलांना निश्चित स्वर नसतो. तबला व मृदंग ह्यांची गोष्ट वेगळी आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी शिवकाली कुमार ह्यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात दाखवून दिले की, शाईच्या भारामुळे ह्या वाद्यांचे अंशस्वर पूर्णांकी प्रमाणात येतात. १९३४ साली रामन ह्यांनी हा विषय अधिक विस्ताराने मांडला. पुडीचे नऊ कंपनप्रकार पाच स्वरांच्या गटांत विभागले जातात आणि हे पाच स्वर एक, दोन, तीन, चार, पाच ह्या प्रमाणात असतात, असे त्यांना आढळले. तबला षड्जात ‘मिळतो’ तो ह्यामुळे.

आता उदाहरणादाखल मूळ स्वर २५० कंपनांचा धरू. त्याचे अंशस्वर ५००, ७५०, १,००० व १,२५० येतील. एक मिलिसेकंदाच्या उशिराने केलेल्या बेरजेत दुसरा अंशस्वर, ५०० कंपनांचा, पुसला जातो आणि चौथा दुप्पट होतो. ध्रुवता उलटून पाहिली तर दुसरा परत येतो, पण चौथा जातो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी शाईचे थर घोटून जे प्रमाण साधले, ते एका चुकीच्या अंतराने बिघडते. दिल्ली घराण्याच्या बाजात चाटेवरचे, दोन बोटांनी काढलेले नाजूक बोल आणि त्यांच्या जोडीला डग्ग्याचा मींडयुक्त घुमारा ह्यांचे नाते विशेष जपलेले असते. ध्वनिमुद्रणात एक बाजू पडली की बाजाची ओळखच पुसट होते.

दोन तोंडांची वाद्ये

केबल निर्दोष असूनही ध्रुवतेचा विरोध उद्भवू शकतो. पखवाज किंवा ढोलकी ह्यांच्या दोन्ही तोंडांशी एकेक मायक्रोफोन ठेवला आहे असे धरा. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत जाते. डावीकडच्या मायक्रोफोनपुढील हवा विरळ होते. खोडातील हवा मात्र दाबली जाऊन उजव्या पुडीला बाहेर ढकलते. उजवीकडच्या मायक्रोफोनपुढील हवेचा दाब वाढतो. एकाच थापेची पहिली नोंद एकीकडे ऋण, दुसरीकडे धन. येथे तारा बरोबर आहेत, उपकरणे बरोबर आहेत. विरोध वाद्याच्या घडणीतच आहे. अशा वेळी एका मायक्रोफोनची ध्रुवता मुद्दाम उलटणे हाच उपाय ठरतो. पुढे पुड्यांची कंपने गुंतागुंतीची होत जातात, आणि दोन्ही पुड्या स्वतंत्रपणेही वाजविल्या जातात. म्हणून अखेरचा निर्णय प्रत्येक वाद्यागणिक ऐकूनच करावा लागतो.

लष्करी बँडमधील साइड ड्रमचेही तसेच आहे. वरच्या चामड्यावर काठी पडते आणि खालच्या चामड्याला लागून असलेल्या तारा खणखणतात. दोन्ही बाजूंस मायक्रोफोन लावल्यास खालच्याची ध्रुवता उलटावी, असा ध्वनिमुद्रकांचा प्रघात आहे.

दिल्लीच्या विजय चौकात दरवर्षी २९ जानेवारीस ‘बीटिंग रिट्रीट’चा समारंभ होतो. तेथे सैन्यदलांचे बँड एकत्र वादन करतात आणि ढोलवादकांचा स्वतंत्र कार्यक्रमही असतो. एवढ्या विस्तीर्ण जागी अंतरे फुटांची राहत नाहीत, मीटरांची होतात. ३४ मीटर अंतरावरच्या मायक्रोफोनपर्यंत ढोलाचा ठोका पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. इतका उशीर फणीच्या रूपाने जाणवत नाही. ठोका दोनदा पडल्यासारखा ऐकू येतो. ध्रुवतेची कळ कितीही दाबली तरी दोन ठोक्यांचा एक होणार नाही. येथे प्रश्न निखळ काळाचा आहे आणि उपायही काळाचाच हवा.

ह्या संदर्भात दिल्लीचे हवामानही लक्षात घेण्यासारखे आहे. ध्वनीची गती तपमानाबरोबर वाढते. जानेवारीच्या ७ अंशांच्या पहाटे ती सेकंदाला सुमारे ३३५ मीटर असते. उन्हाळ्यातील ४५ अंशांच्या दुपारी ती ३५७ मीटरांच्या वर जाते. उघड्या मैदानात १० मीटरांवर ठेवलेल्या मायक्रोफोनचा उशीर थंडीत सुमारे २९.८ मिलिसेकंद, तर उन्हाळ्यात सुमारे २८ मिलिसेकंद येईल. जवळजवळ दोन मिलिसेकंदांचा हा फरक कलांतरे पार बदलून टाकण्यास पुरेसा आहे. ध्रुवता मात्र ऋतू पाहत नाही. उलटी तार थंडीत उलटी असते आणि उन्हाळ्यातही उलटीच राहते. काळ आणि दिशा ह्यांतील भेद दाखविणारे ह्याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

काळाची आणि ध्वनीच्या दाबाची ही दोन्ही मापे ज्या मानकांवर अखेर टेकतात, ती दिल्लीतच जतन केलेली आहेत. पुसा भागातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्घाटन सरदार वल्लभभाई पटेल ह्यांच्या हस्ते १९५० च्या जानेवारीत झाले. तिचे पहिले संचालक डॉ. कारियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन हे रामन ह्यांचे १९२८ च्या शोधातील सहकारी होत. भारतीय प्रमाणवेळ ह्या संस्थेच्या आण्विक घड्याळांवरून ठरते, आणि मायक्रोफोन पारखण्यासाठी लागणारे ध्वनिदाबाचे राष्ट्रीय मानकही तेथेच सांभाळले जाते.

दोष कसा शोधावा, कसा निवारावा

दोष शोधण्याची रीत साधी आहे. सर्व मायक्रोफोन चालू ठेवून डग्ग्यावर एकच स्वच्छ थाप मारावी व ती नोंदवावी. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही आलेख एकाखाली एक घेऊन पाहावेत. थापेची पहिली हालचाल एकात वर व दुसऱ्यात खाली असेल, तर ध्रुवतेत विरोध आहे. दोन्हींची दिशा एकच असून एक मागाहून सुरू होत असेल, तर उशीर आहे. अनेकदा दोन्ही दोष एकत्र आढळतात. तेव्हा ते वेगवेगळे मोजावेत. नंतर दोन्ही ध्वनी एका वाहिनीत मिसळून ऐकावेत, ध्रुवतेची कळ एकदा दाबून व एकदा सोडून पाहावी आणि जिच्यात खर्ज भरदार येईल ती स्थिती ठेवावी.

उशिरावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे मायक्रोफोन हलविणे. दोन मायक्रोफोनांमधील अंतर हे प्रत्येकाच्या आपापल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे, असा एक जुना नियम आहे. तसे केल्याने शेजारच्या वाद्याचा ध्वनी सुमारे एकतृतीयांश बळाने येतो आणि बेरीज फार तर १.३३ पर्यंत वाढते किंवा ०.६७ पर्यंत उतरते. फणीचे दात उथळ होतात. दुसरा उपाय ह्याच्या उलट, म्हणजे दोन मायक्रोफोन एकाच बिंदूपाशी आणून त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना करणे. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन ह्यांनी १९३१ साली आपल्या पेटंटच्या अर्जात ही कल्पना मांडली होती. जेथे अंतरच नाही, तेथे उशीरही नाही.

तिसरा उपाय संगणकाचा. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणात एक मिलिसेकंद म्हणजे ४८ नमुने; एका नमुन्याच्या काळात ध्वनी सुमारे ७ मिलिमीटर पुढे जातो. तेव्हा जवळच्या मायक्रोफोनची नोंद तितके नमुने मागे सरकवून दूरच्याशी अचूक जुळविता येते. परंतु ह्या उपायालाही मर्यादा आहे. एक मायक्रोफोन तबल्याजवळ व दुसरा डग्ग्याजवळ असेल, तर तबल्याचा ध्वनी डग्ग्याच्या मायक्रोफोनकडे उशिरा पोहोचतो आणि डग्ग्याचा ध्वनी तबल्याच्या मायक्रोफोनकडे उशिरा पोहोचतो. तबल्यासाठी एक नोंद सरकविली, तर डग्ग्यासाठी तिचा उशीर कमी न होता दुप्पट होतो. एकाच वेळी दोन्ही वाद्यांचे समाधान करणारा उशीर अस्तित्वात नाही. म्हणून सुज्ञ अभियंता संगणकाकडे वळण्यापूर्वी मोजपट्टी हाती घेतो.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोग

पहिल्या प्रयोगास केवळ एक नादकाटा पुरे. तो वाजवून कानाजवळ उभा धरावा आणि देठावर सावकाश फिरवावा. एका पूर्ण फेऱ्यात आवाज चार वेळा मोठा व चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो. काट्याचे दोन बाहू जवळ येतात तेव्हा त्यांच्यामधील हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी बाहेरची हवा विरळ होते. ह्या परस्परविरोधी तरंगांची बेरीज ठराविक चार दिशांना शून्य येते. अशा एका निःशब्द स्थितीत काटा थांबवून, त्याला न लावता, एका बाहूवर कागदाची नळी सरकवावी. आवाज परत येतो. अर्धा ध्वनी झाकल्याने ध्वनी वाढतो, हे पाहून विद्यार्थ्यांना मोठे नवल वाटते.

दुसऱ्या प्रयोगासाठी एकसारखे दोन ध्वनिवर्धक लागतात. दोन्हींना एकच संगीत द्यावे व ते समोरासमोर अगदी जवळ ठेवावेत. मग उपकरण बंद करून एकाच्याच लाल व काळ्या तारांची अदलाबदल करावी आणि ते पुन्हा चालू करावे. खर्ज लोपलेला आढळेल. हा ध्रुवतेचा प्रयोग झाला. आता तारा पूर्ववत करून एक ध्वनिवर्धक हळूहळू मागे न्यावा व दोहोंच्या समोर एका जागी उभे राहून ऐकावे. खर्ज टिकून राहील, परंतु वरच्या स्वरांचा रंग पावलागणिक बदलत जाईल. हा कलेचा प्रयोग झाला. दोन्ही लागोपाठ केल्यास पाठातील व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

जे एकदाच घडते ते जपण्यासाठी

दिल्लीचे नभोवाणी केंद्र १९३६ च्या जानेवारीत सुरू झाले आणि १९४३ साली आजच्या संसद मार्गावरील इमारतीत गेले. आरंभीच्या काळात पुष्कळदा एकाच मायक्रोफोनवर काम भागविले जाई. कलाकारांना पुढे-मागे बसवून तोल साधला जाई. त्या पद्धतीत एका मायक्रोफोनचा दुसऱ्याशी विरोध उद्भवण्याचा प्रश्नच नव्हता. मायक्रोफोन वाढले तशी सोय वाढली, आणि सोयीबरोबर हा नवा धोकाही आला.

आज दोन वाहिन्यांवर ऐकताना हा दोष कधीकधी झाकला जातो. डाव्या व उजव्या कानाला वेगवेगळे ध्वनी मिळतात, त्यांची विजेच्या तारेत बेरीज होत नाही. परंतु तेच ध्वनिमुद्रण मध्यम लहरींवरून एका वाहिनीत प्रसारित झाले, किंवा एकच ध्वनिवर्धक असलेल्या लहान रेडिओवर अथवा दूरध्वनीवर वाजविले गेले, की बेरीज होते आणि डग्गा नाहीसा होतो. खेड्यातील श्रोत्याला वाटते, वादकाचा डावा हात हलका आहे. दोष वादकाचा नसतो.

आकाशवाणी आणि १९५३ साली सुरू झालेली संगीत नाटक अकादमी ह्यांच्या दिल्लीतील संग्रहांत अनेक दिवंगत कलावंतांचे वादन जतन केलेले आहे. ते वादन पुन्हा होणे नाही. प्रत्येक मायक्रोफोनची नोंद स्वतंत्र ठेवलेली असेल, तर तारेची चूक वर्षांनंतरही एका कळीने सुधारता येते आणि उशीर मोजून बराचसा भरून काढता येतो. परंतु नोंदी एकदा मिसळल्या की जे अंशस्वर परस्परांस छेदून गेले, ते बेरजेतून पुन्हा जसेच्या तसे वेगळे काढता येत नाहीत. म्हणून परीक्षा मिसळण्यापूर्वी घ्यावी लागते. तबलजी मैफलीपूर्वी हातोडी हाती घेतो. ध्वनिमुद्रकाने त्याच वेळी एक थाप, एक मोजपट्टी आणि ध्रुवतेची कळ ह्यांनी आपले मायक्रोफोन मिळवून घ्यावेत. ह्या कामाला पाच मिनिटे पुरतात.